जपानमधल्या लहान ख्रिस्ती आंतरराष्ट्रीय प्राथमिक शाळेत मुलीला घालावे का?

आपला प्रश्न असा आहे की नोकरीनिमित्त तीन वर्षांसाठी नागोयाला जायचे आहे, मुलगी सात वर्षांची आहे, घराजवळ चर्चच्या इमारतीत भरणारी एक लहानशी ख्रिस्ती आंतरराष्ट्रीय शाळा आहे, तिचे शुल्क मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळांच्या मानाने पुष्कळ कमी आहे, पण आपण हिंदू असल्यामुळे मन कचरते आहे. माझी मुलगी जपानमधल्या अशाच एका शाळेत चौथीपर्यंत शिकली. माझे मत असे की अवश्य घालावे, मात्र ही आपल्याकडची कॉन्व्हेंट शाळा आहे असे समजून घालू नये.

पुण्या-मुंबईच्या कॉन्व्हेंटमध्ये प्रार्थना होते, नाताळ साजरा होतो, परंतु अभ्यासक्रम मंडळाचा असतो, आणि आपल्या संविधानाच्या २८ व्या कलमानुसार सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षण घ्यायला लावता येत नाही. जपानच्या शिक्षणविषयक मूलभूत कायद्यात धर्मशिक्षणाची मनाई आहे ती सरकारी शाळांना. खासगी शाळेला धर्म शिकवण्याची मोकळीक आहे. शिवाय अशा अनेक शाळांचा उगमच निराळा आहे. टोकियोजवळ हिगाशिकुरुमे येथे असलेली ‘ख्रिश्चन अकॅडमी इन जपान’ १९५० मध्ये निघाली ती मिशनऱ्यांच्या मुलांसाठी, आणि नंतरच्या कित्येक लहान शाळांनीही तोच नमुना डोळ्यांसमोर ठेवला. जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचे प्रमाण जेमतेम एक टक्का आहे, त्यामुळे केवळ चर्चमधल्या कुटुंबांवर शाळा चालवणे अवघड जाते आणि पुष्कळ ठिकाणी आपल्यासारख्यांनाही प्रवेश मिळतो. काही शाळा मात्र आईवडिलांपैकी एक जण तरी ख्रिस्ती असावा अशी अट ठेवतात, म्हणून ते आधीच विचारून घ्यावे.

शुल्क कमी असण्याचे कारणही यातच आहे. बरेच शिक्षक अमेरिकेतून किंवा कॅनडातून आलेले असतात आणि त्यांच्या चरितार्थाचा भार मायदेशातली चर्चेस उचलतात. ही माणसे पैशासाठी शिकवत नाहीत, आणि ते वर्गात पाऊल टाकताच जाणवते. माझ्या मुलीला इंग्रजी वाक्य धड जुळवता येत नव्हते तेव्हा तिच्या बाई शाळा सुटल्यावर तिला जवळ बसवून वाचून घेत. मात्र हेच शिक्षक काही वर्षांनी मायदेशी परततात, आणि लहान शाळेत एक शिक्षक गेला तरी ती उणीव सगळ्या शाळेला भासते.

आता मुख्य गोष्ट. बायबल हा तिथे रोजचा विषय असतो, आठवड्यातून एकदा सामुदायिक उपासना असते, डबा उघडण्यापूर्वी प्रार्थना होते आणि ठरावीक दिवशी एखादे वचन तोंडपाठ म्हणून दाखवावे लागते. माझ्या मुलीला स्तोत्रसंहितेतील तेविसावे स्तोत्र आजही येते आणि तिला मनाचे श्लोकही येतात; मला त्यात काही विसंगत वाटत नाही. विज्ञानाबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. काही शाळा ‘एसीई’ (अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन) नावाची अमेरिकन पद्धत वापरतात. तीत प्रत्येक मूल आडपडदा लावलेल्या आपापल्या टेबलाशी बसून विषयवार पुस्तिका सोडवते, अडचण आली की टेबलावर छोटा झेंडा लावते, शिक्षक येऊन मदत करतात, उत्तरे मूल स्वतः तपासते, आणि ८० टक्के गुण मिळाल्यावरच पुढची पुस्तिका हाती येते. जे मूल आपल्या गतीने शिकू पाहते त्याला ती मानवते. पण वर्गात एकमेकांशी बोलत शिकणे तीत फार कमी होते, आणि विज्ञानाच्या पुस्तिकांत पृथ्वी काही हजार वर्षांपूर्वी निर्माण झाली असेच शिकवले जाते. हे मला मान्य नाही. म्हणून प्रवेशापूर्वी तिसरी-चौथीचे विज्ञानाचे पुस्तक मागून घ्या, शाळेचे श्रद्धानिवेदन, म्हणजे शाळा कोणती ख्रिस्ती तत्त्वे मानते ते सांगणारे पत्रक, नीट वाचा, आणि त्यावर सही करताना आपण ते मान्य करत आहोत की केवळ वाचल्याची नोंद देत आहोत, हे मुख्याध्यापकांना स्पष्ट विचारा. मी विचारले तेव्हा त्यांना राग आला नाही. उलट त्यांनी मला तासाला बसू दिले.

शाळेला प्रांत सरकारची मान्यता आहे का, हेही पाहा, कारण अशा कित्येक लहान शाळा मान्यतेवाचून चालतात. परदेशी मुलांना जपानमध्ये शिक्षणाची कायदेशीर सक्ती नसल्यामुळे आपल्याला त्याची लगेच झळ लागणार नाही. परंतु पुढे इयत्ता वाढल्यावर दुसऱ्या शाळेत जाताना दाखल्याचा प्रश्न येऊ शकतो. शुल्काचा भार नकोच असेल तर नगरपालिकेची जपानी शाळा परदेशी मुलांनाही विनाशुल्क घेते. पण मुक्काम तीनच वर्षांचा असेल तर जपानी लिपीत रुळेपर्यंतच परतायची वेळ येईल.

मराठीची सोय मात्र घरीच करावी लागेल. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हा परतल्यावर चौथी-पाचवीत मुलीला देवनागरी वाचता-लिहिता येणे भाग आहे. आम्ही रात्रीच्या जेवणानंतर रोज एक पान मोठ्याने वाचून घेत असू, आणि पाढेही मराठीतच म्हणवून घेत असू.