‘अनॉनिमस’ म्हणजे नक्की काय? निनावी, बेनामी की गुमनाम?

इंदूरसारख्या ठिकाणी मराठी माणसाच्या कानावर हिंदी सतत असल्याने हा घोळ होणारच. पत्र, तक्रार, देणगी यांसाठी मराठी शब्द ‘निनावी’. इंग्रजी ‘अनॉनिमस’चं मूळ ग्रीक: ‘अन्’ म्हणजे विना, ‘ओनोमा’ म्हणजे नाव. उच्चारात जोर ‘नॉ’वर: अ-नॉ-नि-मस.

‘बेनामी’ मात्र इथे अजिबात नको. बेनामी मालमत्तेवर नाव असतं, पण पैसे भरणाऱ्याचं नव्हे, दुसऱ्याचं. 1988चा कायदा त्याच व्यवहारांचा. ‘गुमनाम’ हिंदीत निनावी पत्रालाही चालतो आणि प्रसिद्धी न मिळालेल्या माणसालाही. त्या दुसऱ्या अर्थी ‘अनॉनिमस’ लिहू नका, ‘अननोन’ लिहा. पोलिसांच्या ‘अज्ञात इसमा’लाही ‘अननोन’च.

गणेशोत्सवाच्या पावतीवर ‘एक सद्गृहस्थ, रु. 501’ असतं ना, ते खरं ‘अनॉनिमस डोनेशन’. खजिनदाराला देणारा पक्का ठाऊक असतो, तरी शब्द बरोबरच, कारण नाव जाहीर होत नाही. पत्राखालचं ‘आपला हितचिंतक’ तसंच. टोपणनावाने लिहिलं तर मात्र ‘स्यूडॉनिमस’, कारण तिथे नाव आहे, फक्त खरं नाही.

वाक्यात बहुतेक चुका दोनच. ‘अ अनॉनिमस लेटर’ नव्हे, ‘अ‍ॅन अनॉनिमस लेटर’. आणि ‘निनावीपणे कळवलं’ म्हणताना ‘अनॉनिमसली’ हवं. नाव उघड होऊ द्यायचं नसेल तर ‘आय विश टु रिमेन अनॉनिमस’; इथे ‘रिमेन’ हेच रुळलेलं क्रियापद. नाम: ‘अ‍ॅनॉनिमिटी’.