मुलगी बारावीनंतर थाई शिकायचं म्हणतेय, पाठवू का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं. मुलगी बारावी कॉमर्स, थाई सिरीज बघून बघून आता थोडंफार बोलायलाही लागलीये, आणि बीकॉम नको, बँकॉकला जाऊन थाई भाषा आणि तिकडची संस्कृती यातच डिग्री करायची म्हणून हटून बसलीये. तिचे बाबा म्हणतात पैसे पाण्यात जाणार, सासूबाई म्हणतात "त्या देशात पोरीला पाठवायचं?", आणि पोरगी म्हणते तिथेच गाईड बनेन. तुम्ही विचारलंय की यात करिअर आहे का, आणि असेल तर यंदाच पाठवायचं का.

करिअर आहे. यंदा मात्र पाठवू नका.

सिरीजमुळे आवड लागली यात वाईट काही नाही, जपानी क्लासला येणारी कितीतरी पोरं ॲनिमेमुळेच येतात. पण सिरीजमधून येतं ते बोलणं, आणि पैसे मिळतात ते वाचता-लिहिता येण्याचे. भाजी, टॅक्सी, भाडं एवढ्यापुरतं थाई तिथे राहणाऱ्या बऱ्याच भारतीयांना येतंच, त्याला कोण पगार देणार? करार वाचणं, सरकारी कार्यालयाचं पत्र समजून उत्तर लिहिणं, मीटिंगमध्ये दोन्हीकडचं नीट सांगणं, हे करणारी भारतीय माणसं कमी आहेत आणि तिथेच संधी आहे.

आता ते सोपं नाहीये हेही तिला कळू दे. 44 व्यंजनं, पाच टोन (म्हणजे सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो), आणि दोन शब्दांमध्ये जागाच सोडत नाहीत, वाक्य सलग. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना थाई शिकवायला 44 आठवडे म्हणजे साधारण 1100 तास धरतं, तेही दुसरं काही न करता. मराठी मुलीला एक आयती सोय आहे, थाई वर्णमाला आपल्यासारखीच क-वर्ग, च-वर्ग अशी लावलेली, ट-वर्गसुद्धा वेगळा, आणि संस्कृत-पालीतून गेलेले शब्द भरपूर. स्पेलिंग जुनं तसंच ठेवलंय, उच्चार मात्र पार बदललेत, त्यामुळे वाचताना ही सोय होते, ऐकताना फारशी नाही.

गाईडचं सांगते, कारण हे एजंट लोक सांगत नाहीत. थायलंडमध्ये काही कामं फक्त थाई नागरिकांसाठी राखीव आहेत आणि टूर गाईड त्यात येतं, थाई मसाज आणि केस कापणंही त्यातच, परदेशी माणसाला त्यासाठी परमिट मिळत नाही. बाकी नोकरीतही एका परदेशी माणसामागे कंपनीत साधारण चार थाई माणसं आणि 20 लाख बात (थाई चलन) भांडवल दाखवावं लागतं. मग नुसतं "मला थाई येतं" म्हणून तुमच्या मुलीला का घेतील, तिथे अख्ख्या देशाला थाई येतं! तिला घेतील ते अकाउंट्स, एक्स्पोर्ट, सप्लाय चेन असं काहीतरी येतं आणि वर थाईही येतं म्हणून. बिर्ला ग्रुप 1969 पासून तिथे आहे, अजून बऱ्याच भारतीय कंपन्या आहेत. म्हणजे ती ज्या बीकॉमला नाकं मुरडतेय तेच या वाटेवर कामाला येणार आहे.

गाईडच व्हायचं असेल तर इकडे व्हावं. थंडीत बोधगया, सारनाथ, कुशीनगरला थाई यात्रेकरू येतात, सीझनला बँकॉकहून गयेला थेट विमानं असतात. थाई लोकांत गणपतीची भक्ती खूप, त्यामुळे सिद्धिविनायक आणि दगडूशेठलाही थाई भक्त दिसतात. थाई बोलणारा लायसन्सवाला गाईड हवाच असतो, फक्त काम सीझनचं, बारा महिन्यांचं घर त्यावर चालणार नाही.

आणि खरंच संस्कृती, इतिहास, रिसर्च याचीच ओढ असेल तर बीकॉम जबरदस्तीने करायला लावू नका. पुण्यात पाली किंवा इतिहास घेऊन बीए, पाली कारण तिकडचा बौद्ध धर्म थेरवादी, ग्रंथ पालीत, आणि पुणे विद्यापीठात पालीचा विभाग आहे, थाई भिक्खूही पुण्यात शिकायला येत आलेत, बोलायला माणसं मिळतील. मग एमएला बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठात थाई स्टडीज इंग्रजीतून करता येतं, सिंगापूरच्या एनयूएस विद्यापीठात साउथईस्ट एशियन स्टडीज आहे, दिल्लीत जेएनयू आहे. थायलंड सरकारच्या टीका (TICA) या संस्थेच्या स्कॉलरशिप पोस्टग्रॅज्युएटला असतात, बारावीनंतर नाही, आत्ता न पाठवायचं हे मोठं कारण. चुलालाँगकॉर्नला इंग्रजीतून बीएसुद्धा आहे, पण घरात एकमत नसताना एवढा परदेशी खर्च मी तरी करायला सांगणार नाही. (बाबा विचारतीलच, यूपीएससीला थाई ऑप्शनल नाही.)

या वाटेने गेली तर एक सवय मात्र आधीच मोडा. आपली मुलं तिकडे जातात ती "हे सगळं आपल्याकडूनच गेलंय" म्हणत. रामकियन वाचायला घेतलं की कळतं, तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे, आणि ते त्यांचं स्वतःचं रामायण आहे, आपल्याची बिघडलेली कॉपी नाही. हा ॲटिट्यूड तिथल्या प्रोफेसरांना लगेच कळतो.

सासूबाईंना सांगा की चुलालाँगकॉर्न 1917 पासूनचं विद्यापीठ आहे, बँकॉक म्हणजे नुसती पटाया-छाप जाहिरात नाही. हवं तर दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत तिथल्या इंटेन्सिव्ह थाई कोर्सची एक लेव्हल करायला पाठवा, पण व्हिसाचा नियम आधी विद्यापीठालाच विचारा, "टुरिस्ट म्हणून जा, पुढे बघू" म्हणणाऱ्या एजंटला नाही. पुढे सीयू-टीएफएल ही चुलालाँगकॉर्नची परदेशी लोकांसाठीची थाई भाषेची परीक्षा दिली की सीव्हीवर लिहायला सर्टिफिकेट होतं.

क्लास मात्र आत्ताच लावा, ऑनलाइन चालेल, शिकवणारी व्यक्ती थाई असलेली बरी. दिवाळीपर्यंत लिपी वाचायला आली पाहिजे असं तिच्याशी ठरवून घ्या, नाही आली तर आवड सिरीजपुरतीच होती असं तिचं तिलाच कळेल. आणि जो क्लास लिपी टाळून सगळं इंग्रजी अक्षरांत लिहून शिकवतो त्याची फी भरू नका.