व्याह्यांचं यार्टझाइट आहे, सोबत काय न्यायचं?

न्यू जर्सीहून एका ताईंनी विचारलंय. लेक ज्यू घरात दिलीय, व्याही जाऊन वर्ष होतंय (तेच यार्टझाइट, म्हणजे ज्यूंकडची पुण्यतिथी), शनिवारी सिनेगॉगला, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळी, बोलावलंय आणि जावयाला तिथे 'आलिया' मिळालीय. फोटोला हार न्यायचा का, पाकीट द्यायचं का, आणि तारीख तर पुढच्या आठवड्यातली मग आत्ताच कसं काय?

ताई, तारखेचं आधी सांगते कारण ते आपल्याला पटकन कळतं. त्यांच्याकडेही तिथीच बघतात. हिब्रू पंचांग चंद्रावर चालतं, १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना येतो, म्हणजे अगदी आपल्या अधिक मासासारखंच, त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी मागेपुढे होते. त्यात त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणजे माणूस संध्याकाळी उशिरा गेला असेल तर तिथी दुसऱ्या दिवसाची धरतात. अदार महिन्यात गेलेल्यांची तर पंचाईतच, अधिक वर्षात अदार दोन येतात, मग कोणी पहिल्यात करतं कोणी दुसऱ्यात आणि कोणी दोन्हीत. आदल्या संध्याकाळी घरी २४ तास जळणारी मेणबत्ती लावतात, ती आपली आपण विझू द्यायची, फुंकर मारू नका.

आणि प्रत्यक्ष तिथी आठवड्यात मधेच कुठेतरी पडत असेल तर त्याच्या आधीच्या शनिवारी घरच्या माणसाला तोरा (त्यांचा धर्मग्रंथ) वाचनाला बोलवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून तुम्हाला आत्ता बोलावणं आलंय.

आता आलिया. हा मान आहे हो, आपल्याकडे आरतीचा किंवा पालखीचा मान असतो ना तसाच. शनिवारी सकाळी तोरा वाचतात तेव्हा सात जणांना वर बोलावतात, शिवाय शेवटी एकाला. पारंपरिक ठिकाणी पहिला मान कोहेन म्हणजे पुरोहित घराण्याचा, दुसरा लेवी घराण्याचा, मग बाकीचे. 'अमुक बेन अमुक' असं वडिलांच्या नावासकट पुकारतात, म्हणजे जावयाच्या नावासोबत व्याह्यांचं नाव भर सभेत घेतलं जाईल, विहीणबाई तेव्हा रडतील बहुतेक, रुमाल जवळ ठेवा. वाचणारा सहसा वेगळा असतो, जावई आधी आणि नंतर आशीर्वचन म्हणेल. पोथी उचलून दाखवणं, गुंडाळणं हेही वेगळे मान.

आलिया म्हणजे वर चढणं. आपले बेने इस्रायली (मराठी ज्यू) लोक कोकण-मुंबई सोडून इस्रायलला अशदोद, दिमोनाला गेले त्यालाही आलियाच म्हणतात. आणि गेलेल्याच्या आत्म्याला वरची पायरी मिळो म्हणतात तिथेही हाच शब्द.

कद्दिश (गेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना) म्हणतील तेव्हा जावई उभा राहील, काही ठिकाणी सगळेच राहतात, तुम्ही बाकीच्यांकडे बघून करा. अरामी भाषेत असतं, मेल्याबिल्याचा उल्लेखच नाही, नुसती देवाची स्तुती. त्याला दहा जण लागतात, ऑर्थोडॉक्स ठिकाणी दहा पुरुषच. तुम्हाला गणतीत धरणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नका.

हार नको. फुलंच नकोत, कबरीवरसुद्धा ते दगड ठेवतात. पाकीट शनिवारी तर अजिबात नको, शब्बाथला (त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) पैशाला हात लावत नाहीत, द्यायचंच तर आधी किंवा नंतर दान पाठवा, १८ च्या पटीत पाठवलंत तर त्यांना कौतुक वाटेल, 'खाय' म्हणजे जीवन, या शब्दाच्या हिब्रू अक्षरांच्या आकड्यांची बेरीज १८ होते. घरचे लाडू पण नेऊ नका, कोशरचा (त्यांच्या खाण्यापिण्याच्या नियमांचा) घोळ होतो (माझी एक मैत्रीण डबाभर करंज्या परत घेऊन आली होती, गाडीतच खाल्ल्या आम्ही). मोबाइल पर्समध्ये, काकांच्या (तुमच्या यजमानांच्या) डोक्यावर किप्पा म्हणजे छोटी गोल टोपी, दारात टोपलीत ठेवलेल्या असतात बहुतेक.

जावई खाली आला की हात मिळवून 'यशर कोआख' म्हणा, शाब्बास टाइप आहे ते. मग किद्दुश असतो, खाणंपिणं, बऱ्याचदा यार्टझाइटवालं घरच ते देतं, लेकीला आधी विचारून ठेवा की खर्चात वाटा उचलू का. काकांच्या हातात सकाळी साडेअकराला व्हिस्कीचा छोटा पेला आला तर डोळे वटारू नका, व्याह्यांच्या नावाचा आहे तो.