टेबलाचा खण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची कथा दोन्ही पोचलं. तारखा घेण्यात आणि सिनियरच्या फायली वाहण्यात लिहिण्याची वर्षं वाया चालली आहेत, वकिलीची सनद परत करू का, असं विचारलं आहेस. हो किंवा नाही मी सांगणार नाही. कोनीबद्दल मात्र सांगतो.

अनातोली कोनी, रशियातला कायदेपंडित आणि लेखक. जन्म १८४४, सेंट पीटर्सबर्ग. वडील नाटककार. पोरगा गणित शिकायला विद्यापीठात गेला, तर विद्यार्थ्यांच्या आंदोलनामुळे विद्यापीठच बंद पडलं. मग मॉस्कोला जाऊन कायदा शिकला. म्हणजे कायद्यात आला तो आडवाटेनंच, तुझ्यामाझ्यासारखा. आधी सरकारी वकील, पुढे न्यायाधीश, शेवटी थेट सिनेटपर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत. त्या पदांची यादी तुला कुठेही मिळेल.

तो पीटर्सबर्गला सरकारी वकील असताना एक तरुण तक्रार घेऊन आला. चांगल्या घरचा, कपडे नीटनेटके, चेहरा मात्र उतरलेला. तुरुंगातल्या एका बाईला त्याला बंद पाकीट द्यायचं होतं आणि अधिकारी वाचल्याशिवाय आत सोडत नव्हते. कोनीने सांगितलं, नियमच तसा आहे. तेव्हा तो म्हणाला, मग तुम्हीच वाचा आणि पोचवा. बाईचं नाव रोझालिया ओन्नी. दारू प्यायलेल्या गिऱ्हाइकाचे शंभर रूबल चोरल्याबद्दल तिला चार महिन्यांची शिक्षा झाली होती. आणि या तरुणाला तिच्याशी लग्न करायचं होतं! कोनीने त्याला परोपरीने समजावलं, पण तो हटला नाही. नंतर कळलं ते असं. रोझालिया त्याच्या नात्यातल्या एका बाईंकडे वाढलेली अनाथ पोर. यानेच तिला फसवलं, दिवस गेल्यावर तिला घराबाहेर काढलं गेलं, आणि ती घसरत घसरत कुंटणखान्यात पोचली. पुढे तिच्यावर खटला चालला तेव्हा ज्यूरीत हाच बसलेला होता. पिंजऱ्यातली बाई त्याने ओळखली. लग्न व्हायच्या आधीच ती तुरुंगात टायफसने गेली.

ही गोष्ट कोनीने १८८७ साली यास्नाया पोल्यानाला, टॉलस्टॉयच्या गावच्या घरी, त्याला सांगितली. टॉलस्टॉय आधी म्हणाला, तूच लिही. मग राहवेना, म्हणून त्याने कोनीकडे ती मागून घेतली. तिच्यावरची कादंबरी 'रिझरेक्शन' छापून आली १८९९ मध्ये. बारा वर्षं! कोनी काही टॉलस्टॉय नव्हता, आणि हे त्याला ठाऊक होतं. माझ्या मते ती गोष्ट देऊन टाकणं हा त्याचा सगळ्यात चांगला साहित्यिक निर्णय. त्याचं स्वतःचं लेखन आठवणींचं, खटल्यांचं, पाहिलेल्या माणसांचं. तेवढ्यावर १९०० साली टॉलस्टॉय आणि चेखव्हच्या सोबतीने तो रशियाच्या विज्ञान अकादमीचा मानद सदस्य झाला.

आता दुसरी गोष्ट. टोपी काढली नाही म्हणून एका राजकीय कैद्याला पीटर्सबर्गचा शहरप्रमुख जनरल त्रेपोव्हने फटके मारायला लावले. वेरा झासुलिच ही तरुण क्रांतिकारक त्या कैद्याला ओळखतही नव्हती. जानेवारी १८७८ मध्ये ती अर्जदार म्हणून त्रेपोव्हच्या कचेरीत शिरली आणि तिने त्याच्यावर गोळी झाडली. खटला आला कोनीपुढे. न्यायमंत्री काउंट पालेनला आधीच हमी हवी होती की शिक्षा होणार. कोनीने हमी दिली नाही. निदान वरच्या कोर्टात निकाल फिरवता येईल अशी एखादी चूक तरी मुद्दाम करून ठेवा, इथपर्यंत गोष्ट गेली. तीही त्याने केली नाही. आंद्रेयेव्स्की नावाच्या सरकारी वकिलाने तर आरोपपक्ष चालवायलाच नकार दिला आणि नोकरी गमावली. हा कवी होता, बरं का! (वकिली आणि कविता एका घरात नांदत नाहीत म्हणणाऱ्यांना हे नाव सांगत जा.)

ज्यूरीच्या प्रमुखाने 'दोषी नाही' हे शब्द पुरते उच्चारायच्या आत कोर्टात आरडाओरडा झाला, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. कोनीवर राजीनाम्याचा दबाव आला. न्यायाधीशाला असं काढता येत नाही, म्हणून तो बसून राहिला. अखेर त्याला दिवाणी बाजूला सरकवलं, आणि फौजदारीत मुरलेला माणूस काही वर्षं दिवाणी अपिलं ऐकत बसला.

एवढा ऐवज हाती असलेला माणूस काय करील? आपल्याकडे दिवाळी अंकाला पाठवील. कोनीने सगळं तपशिलाने लिहिलं, मंत्र्याची वाक्यं, कोर्टातली गर्दी, स्वतःची घालमेल, आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. १९१७ च्या क्रांतीनंतरही तो देश सोडून गेला नाही. म्हातारपणी कुबड्या घेऊन पेत्रोग्रादमध्ये (पीटर्सबर्गचंच तेव्हाचं नाव) व्याख्यानं देत हिंडला. १९२७ साली वारला. झासुलिच खटल्याच्या त्या आठवणींचं पुस्तक आलं १९३३ मध्ये.

माझा खण इतका खोल नव्हता. वकिलीच्या चौथ्या वर्षी एका वाटणीच्या दाव्यातल्या दोन भावांवर मी कथा लिहिली. नावं बदलली, गाव बदललं, पण धाकट्याची खुर्चीच्या कडेवर बसायची सवय तशीच ठेवली, कारण तीच मला आवडली होती. अंक त्यांच्या घरी पोचला. धाकटा चेंबरमध्ये आला, काही बोलला नाही, वकीलपत्र काढून घेतो एवढं म्हणाला. त्या दिवशी तो खुर्चीत मागे टेकून बसला होता. ती कथा मी पुन्हा कुठल्या संग्रहात घेतली नाही.

तुझी कथा दोनदा वाचली. पोटगीच्या केसमधली ती बाई, पिशवीतून स्टीलचा डबा काढून बाकावर ठेवते आणि कोणी बघत नाही ना हे पाहून पुन्हा आत घालते, तिथे तू लेखक आहेस यात शंका नाही. सनद ठेवलीस म्हणूनच तो डबा तुला दिसला, असंही मला वाटतं. तुला पटलं नाही तर भांड.

ती केस अजून बोर्डावर आहे ना? पुढची तारीख कळव.

तुझा,
काका