जुन्या एमटीबीची ट्रायल्स सायकल बनवता येईल का? नवशिक्याने आधी काय बदलावं आणि देखभाल कशी करावी?

तुमच्याकडे २६ इंची, गियरची एमटीबी (माउंटन बाइक) पडून आहे, पैसे बेताचे आहेत आणि ट्रायल्स, म्हणजे पाय न टेकता सायकलवरूनच दगड-कठडे असे अडथळे पार करण्याचा खेळ, शिकायचंय. तिच्यावरच खर्च करावा की पैसे साठवून तयार ट्रायल्स सायकल मागवावी, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: तिच्यावरच सुरुवात करा. फक्त पैसा दोनच ठिकाणी घाला. एक, मागचा ब्रेक. दोन, पायातला जोर मागच्या चाकापर्यंत नेणारे सगळे भाग, म्हणजे क्रँक (पेडलचे दांडे), चेन आणि फ्रीव्हील (पेडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग). हँडल, रंग, हलके पेडल, सगळं नंतर.

कारण सांगतो. ट्रायल्समध्ये मागच्या चाकावर उभं राहायचं, ब्रेक घट्ट दाबलेला ठेवायचा, क्षणभर सोडून पेडलला एक झटका द्यायचा, उडी घ्यायची आणि चाक टेकताच पुन्हा ब्रेक. ब्रेक सरकला तर सायकल पायाखालून पुढे पळते आणि तुम्ही पाठीवर पडता. झटका देताना चेन घसरली तर पाय रिकामा खाली जातो, नडगीवर पेडल बसतं आणि छाती हँडलवर आपटते. या दोन गोष्टींवर डोळे झाकून भरवसा ठेवता आला नाही, तर शरीर पूर्ण जोर लावायलाच तयार होत नाही. मग महिनोन् महिने सराव करूनही माणूस तिथेच राहतो.

फ्रेमच्या बाबतीत अपेक्षा माफक ठेवा. खऱ्या ट्रायल्स सायकलीत क्रँकचा अक्ष चाकांच्या अक्षांपेक्षा वर असतो आणि मागचं चाक अगदी जवळ घेतलेलं असतं, म्हणून पुढचं चाक सहज उचललं जातं. एमटीबीत क्रँक खाली आणि मागचा भाग लांब. हे बदलता येत नाही. तरीही एका जागी तोल धरणं, फूटपाथच्या कडेवर चढणं, दोन्ही चाकांवर जागच्या जागी उड्या मारणं हे सगळं त्या फ्रेमवर नीट शिकता येतं.

पुढेमागे तयार सायकल घ्यायची झाली तर एक लक्षात ठेवा. हा खेळ स्पेनमधल्या कॅटालोनियात मोटरसायकल ट्रायल्समधून आला. माँतेसा या मोटरसायकल कंपनीचे रायडर पेरे पी आणि त्यांचा मुलगा ओट पी ही त्यातली सुरुवातीची नावं. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेच्या स्पर्धांत आज २० आणि २६ इंची असे दोन वर्ग असतात आणि त्या सायकलींना सीट नसते. २००९ मध्ये एडिनबराच्या रस्त्यांवरच्या व्हिडिओने गाजलेला डॅनी मॅकास्किल मात्र २४ इंची, सीट असलेली सायकल चालवत होता. त्या प्रकाराला स्ट्रीट ट्रायल्स म्हणतात. आपल्याला यातलं नेमकं काय आवडतंय ते आधी ओळखा.

आता काम. सगळे गियर काढा. पुढे २२ दात्यांची सर्वांत छोटी चेनरिंग (क्रँकवरची दातेरी चकती) ठेवा आणि मागे १८ दात्यांची एकच चकती. २० इंची स्पर्धेच्या सायकलीवर १८ला १२ असा मेळ असतो. दोन्हींत पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण अडीच मीटर जाते, म्हणजे पाव फेरीच्या झटक्यात हवा तेवढा जोर मिळतो. तुमच्या क्रँकवर चेनरिंगा रिव्हेटने ठोकलेल्या असतील तर सुट्या होणार नाहीत, तेव्हा बोल्टचा क्रँक बसवा. मोठ्या चेनरिंगच्या जागी बॅशगार्ड, म्हणजे बिनदात्यांचं संरक्षक कडं लावा, म्हणजे दगडावर आपटणं चेनवर येणार नाही.

मागे कॅसेटमधलीच (मागच्या गियरच्या चकत्यांच्या संचातलीच) एखादी चकती ठेवून काम भागवू नका. गियर बदलायला सोपं जावं म्हणून तिचे काही दाते मुद्दाम आखूड आणि तिरके केलेले असतात. झटक्याला चेन तिथूनच उडते. सिंगल-स्पीडची उंच दात्यांची चकती घ्या. हब (चाकाचा मधला तुंबा) आट्यांचा असेल तर बीएमएक्सची १६ किंवा १८ दात्यांची फ्रीव्हील त्यावर चढते. चेनही जाड बीएमएक्सची घ्यायची असेल तर चकती आणि चेनरिंग त्याच रुंदीच्या हव्यात. मागून डोळा लावून बघा, चेन सरळ रेषेत दिसली पाहिजे.

फ्रीव्हीलबद्दल जरा थांबून सांगतो. पेडल किंचित मागे घेऊन पुढे दाबलं की आतले खटके पकडेपर्यंत ते थोडं रिकामं फिरतं. फेरीत १८ ठिकाणी पकडणाऱ्या साध्या हबमध्ये ही रिकामी फेरी २० अंशांपर्यंत जाते. ७२ ठिकाणी पकडणाऱ्यात ५ अंश, १०८च्या फ्रीव्हीलमध्ये सव्वातीन अंशांच्या आसपास. मागच्या चाकावर तोल धरताना २० अंश म्हणजे पाय नुसता लोंबकळतोय. सुरुवातीच्या सरावाला साधा हब चालेल, पण मागच्या चाकावर उड्या सुरू करायच्या आधी तो बदला. पहिला मोठा खर्च हाच.

ब्रेक. फ्रेमला डिस्कची सोय असेल तर मागे चांगली डिस्क बसवा. पावसाळ्याचा विचार केला तर आपल्याकडे हा सोपा मार्ग. व्ही-ब्रेकच (रिमला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा ब्रेक) असेल तर रिम ग्राइंड करून घ्या. टायर-ट्यूब काढायची आणि चार इंची ग्राइंडरने रिमच्या ब्रेक लागणाऱ्या दोन्ही बाजूंवर हलक्या हाताने तिरक्या, जवळजवळ रेषा ओढायच्या. नुसता ओरखडा हवा, खाच नको, नाहीतर भिंत पातळ होऊन रिम फुटेल. गेट-ग्रिल करणाऱ्या कारागिराकडून करून घेतलंत तरी समोर उभे राहा, त्याचा हात लोखंडाला सरावलेला असतो आणि ही रिम अॅल्युमिनियमची आहे. डोळ्यांवर चष्मा हवाच. अशी रिम ब्रेकपॅड भराभर खाते आणि कर्कश आवाज करते, पण ओल्या रिमवरही धरते. रेषा झिजून चकाकी आली की पुन्हा ओढायच्या, आणि दर वेळी भिंतीची जाडी बोटाने चाचपायची.

रोजची परीक्षा: सायकलशेजारी उभे राहा, एका बोटाने मागचा ब्रेक दाबा आणि हँडल धरून सायकल मागे ओढा. पुढचं चाक उचललं गेलं पाहिजे, मागचं तसूभरही फिरता कामा नये. फिरलं तर त्या दिवशी उड्या नाहीत.

हायड्रॉलिक ब्रेक घेतलात तर तेलाची काळजी घ्या. मगुरा आणि शिमानोला मिनरल ऑइल लागतं. मोटरसायकलच्या दुकानात मिळणारं डॉट ब्रेक ऑइल त्यात घातलं तर आतली सीलं फुगून ब्रेक कायमचा जातो.

सस्पेन्शन फोर्क तुमच्या उडीचा जोर पिऊन टाकतो, तेव्हा जमेल तेव्हा रिजिड, म्हणजे स्प्रिंग नसलेला फोर्क बसवा. सीट पूर्ण खाली घाला. काढलीत तर नळीच्या तोंडावर रबरी बूच हवंच. मागच्या टायरमध्ये २० पीएसआयच्या आसपास हवा ठेवून बघा. दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून पंक्चर होत असेल तर दोन-दोनने वाढवा.

देखभालीत चेनवर सर्वांत जास्त लक्ष. स्टीलच्या पट्टीने मोजा: नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंत २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. एक सोळांश इंच जास्त भरलं की बदला. शहरात फिरणारा माणूस याच्या दुप्पट ताणापर्यंत थांबतो, आपण थांबू नये. फ्रीव्हील रॉकेलने धुऊन आत शिलाई मशीनचं पातळ तेल सोडा. जाड ग्रीस भरून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा, त्यात खटके चिकटतात आणि नेमके झटक्याच्या वेळी पकडत नाहीत. चिखलातून आल्यावर बादलीभर पाणी आणि फडकं पुरे. सर्व्हिस स्टेशनचा फवारा बेअरिंगमध्ये पाणी घालतो.

दर आठवड्याला क्रँकचे बोल्ट आवळा, चाकाचं आउट काढून घ्या आणि फ्रेम पुसताना हँडलखालच्या जोडावर रंगात केसासारखी रेघ दिसते का ते उजेडात बघा. अॅल्युमिनियम आधी वाकत नाही, थेट तुटतं. रेघ दिसली की ती फ्रेम संपली, वेल्डिंगच्या भानगडीत पडू नका.

हेल्मेट आणि नडगीचे पॅड पहिल्या दिवसापासून. सरावाला लाकडी पॅलेट, जुने टायर आणि नदीकाठचे कातळ भरपूर आहेत. गडांच्या पायऱ्या आणि तटबंदी यांवर मात्र चाक लावू नका. तिथला निसटलेला एक चिरा पुन्हा बसत नाही.

मागचं चाक फ्रेमच्या उभ्या खाचेत बसतं की आडव्या, तेवढं खाली लिहा. आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते आणि स्नेल कॅमने (अक्षावर बसणाऱ्या गोगलगाईच्या आकाराच्या चकतीने) ते जागेवर धरून ठेवता येतं. उभी असेल तर टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) लागेल. तो चेन वर ढकलणारा घ्या, म्हणजे चकतीचे जास्त दाते पकडीत राहतात.