तेरा तारीख चुकली की बिल अडकतं : जीएसटीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं जॉबवर्क आहे. वर्षाला साठेक लाखांची बिलं होतात. महिन्याला दोन रिटर्न, त्यांची फी, आणि पार्टीचे पैसे तीन-तीन महिने येत नाहीत तरी कर वीस तारखेला भरायचाच. तिमाही रिटर्न घेतलं तर चालेल का? ज्यांचं काम करतो त्या कारखान्याचा अकाउंटंट म्हणतो, मग तुमची बिलं पास होणार नाहीत.

उत्तर : अकाउंटंटचं म्हणणं अर्धंच खरं आहे. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याला तिमाही रिटर्नची सोय आहे, तिला क्यूआरएमपी म्हणतात. वर्षाची चोवीस रिटर्न आठवर येतात. जुलै-सप्टेंबर तिमाहीपासून हवी असेल तर १ मे ते ३१ जुलै या काळात पोर्टलवर पर्याय निवडायचा. आधीचं रिटर्न थकलेलं असेल तर पोर्टल पर्याय देत नाही. तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं रिटर्न) आणि महाराष्ट्रात २२ पर्यंत ३बी (कराचा हिशोब देऊन तो भरण्याचं रिटर्न).

रिटर्न तिमाही झालं तरी पैसे दरमहाच जातात, हे मात्र आधीच समजून घ्या. पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत पीएमटी-०६ चलनाने भरायचा. मागच्या तिमाहीत कॅश लेजरमधून (पोर्टलवरच्या तुमच्या रोख खात्यातून) भरलेल्या कराच्या ३५ टक्के रकमेचं चलन पोर्टल स्वतःच तयार करतं. म्हणजे मागच्या तिमाहीत ६०,००० गेले असतील तर चलन २१,००० चं. तेवढं वेळेत भरलं की त्या महिन्याचा खरा कर जास्त निघाला तरी व्याज नाही, फरक ३बीसोबत भरायचा. चलन चुकलं तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. मासिकमधून नव्याने आलेल्यांना पहिल्या तिमाहीत शेवटच्या महिन्याएवढी पूर्ण रक्कम भरावी लागते, तेव्हा त्या दोन महिन्यांची तजवीज करून ठेवा.

आता तुमच्या बिलांचं. कारखान्याचं २बी, म्हणजे त्यांच्या खरेदीच्या बिलांचं पोर्टलने काढलेलं पत्रक, दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि त्यात तुमचं बिल दिसलं तरच त्यांना क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) मिळतं. त्यासाठी पहिल्या दोन महिन्यांची बिलं १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांसाठी दरमहा बिलं चढवण्याच्या पोर्टलवरच्या सोयीत) भरायची. ही सुविधा ऐच्छिक आहे, म्हणून बरेच जण ती सोडून देतात. जॉबवर्कवाल्याने ती सक्तीचीच धरावी. १४ तारखेला ते दार बंद होतं आणि एप्रिलचं बिल मेच्या आयएफएफमध्येही घातलं नाही तर ते थेट १४ जुलैला तयार होणाऱ्या २बीत उगवतं. तोवर कारखाना तुमच्या बिलातली कराची रक्कम दाबून ठेवतो.

बिल भरताना पार्टीचा पंधरा अक्षरी नंबर नीट वाचा. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकचे २९. पुढची दहा अक्षरं पॅनची. एकाच कंपनीचे शिरोलीत आणि बेळगावात असे दोन कारखाने असतील तर दोन्ही नंबरांत पॅन एकच असतो. यादीतून चुकून २९ चा नंबर निवडला तरी कंपनीचं नाव बरोबर दिसतं आणि चूक नजरेला येत नाही. मग सीजीएसटी-एसजीएसटीच्या (राज्यातल्या विक्रीवरच्या कराच्या) जागी आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा कर) लागतो आणि शिरोलीच्या २बीत बिल दिसत नाही. पार्टीचा नंबर जीएसटीआर-१ए मधून (भरलेल्या जीएसटीआर-१ ची लगेच दुरुस्ती करण्याच्या फॉर्ममधून) बदलता येत नाही, पुढच्या जीएसटीआर-१ च्या दुरुस्तीच्या तक्त्यातच बदलावा लागतो. म्हणजे कारखान्याचं क्रेडिट आणखी एका रिटर्नपर्यंत लांबणीवर.

पैसे हातात येण्याआधी कर भरावा लागतो, हा आमच्या मते लहान कारखानदारावरचा सगळ्यात मोठा अन्याय आहे. तुमच्याकडे दोन हत्यारं आहेत, ती वापरा. उद्यम नोंदणी करून तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होतं. शिवाय १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर कारखान्याला तुमच्या बिलावरचं क्रेडिट परत करावं लागतं. अकाउंटंटशी बोलताना हा मुद्दा आधी काढा.

प्रश्न : महाद्वार रोडजवळ आमचं चपलांचं दुकान आहे. वर्षाची विक्री ४५ लाखांवर गेली. कंपोझिशन (विक्रीवर ठरावीक टक्के कर भरण्याची सोपी योजना) घ्यावं का?

उत्तर : गिऱ्हाईक दर्शनाला आलेलं आणि दुकानातच घेऊन जाणारं असेल तर घ्या. मालाच्या विक्रीला ४० लाखांची मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणी लागते, आणि अर्ज भरतानाच कंपोझिशन निवडता येतं. (आधीपासून नोंदणी असलेल्यांनी पुढच्या वर्षासाठी ३१ मार्चपर्यंत सीएमपी-०२ हा अर्ज भरावा.) कर विक्रीच्या १ टक्का, म्हणजे ४५ लाखांवर ४५,०००. तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घ्यायचा नाही, बिलावरही दाखवायचा नाही. नियमित नोंदणीत २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर ५ टक्के लागतो. त्याच ४५ लाखांत कर धरला तर सुमारे २ लाख १४ हजार निघतो. तुमचे कारागीर बिनानोंदणीचे असतील तर त्यातून वजा करायला क्रेडिट जवळपास नसतंच.

खोच एकच आहे. पुण्या-मुंबईला कुरिअरने जोड पाठवायला हरकत नाही, पण बंगळूरच्या गिऱ्हाइकाला एक जोड जरी पाठवला तरी कंपोझिशन टिकत नाही. ऑनलाइन कंपनीवर माल लावला असेल तर विक्री महाराष्ट्रापुरतीच ठेवा. बाहेरच्या ऑर्डरी वाढवायच्या असतील तर सरळ नियमित नोंदणी घ्या. कंपोझिशनमध्ये तिमाहीचा कर पुढच्या महिन्याच्या १८ तारखेपर्यंत सीएमपी-०८ या फॉर्मने, वार्षिक रिटर्न ३० जूनपर्यंत.

प्रश्न : शिरोलीहून निपाणीला मशिनिंगसाठी १८ हजारांची कास्टिंग पाठवतो. ५० हजारांच्या आत ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) नको ना?

उत्तर : हवंच. दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला जाणाऱ्या मालाला किमतीची सूट नाही, दोन हजारांचा माल असला तरी ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा एक लाखाची आहे, त्यामुळे हातकणंगले-इचलकरंजीची सवय झालेले लोक कागल ओलांडून कर्नाटकात जाताना फसतात. निपाणीवाल्याची नोंदणी नसेल तर ई-वे बिल तुम्हीच काढा. सोबत डिलिव्हरी चलन द्या. टेम्पो ऐनवेळी बदलला तर ई-वे बिलातला गाडी नंबर बदलून मगच गाडी सोडा. कागदाविना माल पकडला आणि तुम्ही मालक म्हणून पुढे आलात तर दंड कराच्या दुप्पट. कच्चा माल वर्षाच्या आत परत आला पाहिजे, म्हणून चलनांची वही तारीखवार ठेवा. तीच पुढे आयटीसी-०४ (जॉबवर्कला पाठवलेल्या मालाचं विवरण) भरताना उपयोगी पडते.

प्रश्न : दोन महिने धंदा बंद होता. रिटर्न भरावं लागेल?

उत्तर : हो. शून्याचं ३बी नोंदणीकृत मोबाइलवरून १४४०९ या क्रमांकावर एसएमएस करूनही भरता येतं. उलट सहा आकडी कोड येतो, तो परत पाठवला की काम झालं. उशिराला दिवसाला २० रुपये, एका रिटर्नला जास्तीत जास्त ५००. धंदा पुन्हा सुरू करायचाच नसेल तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज लगेच द्या, नाहीतर बंद दुकानाची लेट फी साचत राहते.