गणपती पेठेतल्या दुकानात फोनवरून क्रेडिट कार्ड का चालत नाही?

तुमचं कार्ड व्हिसा आहे म्हणालात, गोची तिथंच आहे. क्यूआर स्कॅन करून यूपीआयनं पैसे द्यायचे तर क्रेडिट कार्ड रुपेचंच (व्हिसासारखंच, पण भारतीय कार्ड नेटवर्क) लागतं. ही सोय 2022 पासून आहे. व्हिसा किंवा मास्टरकार्ड गुगल पेमध्ये जोडता येतं, पण दुकानात ते मशीनला फोन टेकवून चालतं. त्यासाठी फोनला एनएफसी, म्हणजे जवळ टेकवून माहिती पाठवायची सोय, हवं. सेटिंगमध्ये जाऊन बघा, स्वस्तातल्या बऱ्याच फोनना ते नसतंच.

बँकेकडून रुपे कार्ड मागून घ्या, बऱ्याच बँका देतात. मग भीम, फोनपे, जे वापरता त्यात 'क्रेडिट कार्ड जोडा' निवडा, बँक निवडा. बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये पाहिजे. घरातल्या दुसऱ्या फोनवर ते सिम असेल तर पुढं सरकणारच नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. नंतर कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख, ओटीपी टाकून यूपीआय पिन नवा करायचा. एटीएमचा पिन इथं चालत नाही.

आणि हो, दुकानदाराचा क्यूआर व्यापारी खात्याचा हवा. मंडईत भाजीवाल्या मावशींनी स्वतःच्या साध्या खात्याचा कागद चिकटवला असेल तर रुपे कार्डानंही पैसे जाणार नाहीत. तिथं बचत खातं निवडा. मित्राला उसने पाठवायलाही हे कार्ड चालत नाही, ते एका अर्थी बरंच.